बंदिवास आणि अनुताप



साधकहो, आपल्या शास्त्राने जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर असे चार पदार्थ नित्य मानले असून त्यांपैकी जीव हा अनादि अविद्येने बद्ध आहे, असा सिद्धांत सांगितला आहे. 'बद्ध' हा शब्द निरूपणात आपण इतक्या वेळा उच्चारतो की त्याचा मूळ अर्थ ध्यानातून निसटतो. बद्ध म्हणजे बांधलेला, बंदीत पडलेला, ज्याला केवळ स्वतःच्या बळाने बाहेर पडता येत नाही असा. या दृष्टीने पाहू गेल्यास कारागृहाच्या भिंतीआड बसलेला मनुष्य आणि भिंतीबाहेर हिंडणारा मनुष्य यांच्यात शास्त्र फार मोठे अंतर मानीत नाही. एकाची बेडी लोखंडाची असल्यामुळे डोळ्यांना दिसते. दुसऱ्याची विकारांची असल्यामुळे दिसत नाही. म्हणून बंदिवानाच्या सुधारणेचा विचार करू इच्छिणाऱ्याने 'मी मुक्त, तो बद्ध' हा अभिमान कारागृहाच्या दाराशी उतरवून ठेवावा आणि मगच आत पाऊल टाकावे.

आज हा विषय घेण्याचे प्रयोजन असे की, गुन्हेगाराला केवळ दंड न करता धर्मोपदेश, ध्यान, प्रार्थना यांच्या योगाने सन्मार्गावर आणावे, असे प्रयत्न आपल्या देशात आणि परदेशांतही गेल्या अर्धशतकात पुष्कळ झाले आहेत. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने केली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे महाराष्ट्र जाणतो. परंतु तेथील श्रोते बहुतांशी सत्याग्रही होते. चोरी, दरोडा, हत्या अशा अपराधांची शिक्षा भोगणाऱ्यांपुढे धर्म ठेवणे ही गोष्ट निराळी. आपणही या कार्यात हात घालावा काय, आणि घालावयाचा तर कोणत्या रीतीने, असा प्रश्न पंथातील तरुण साधकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर प्रथम लीळेकडे वळले पाहिजे.

लीळाचरित्रातील सशाची लीळा सर्वांच्या परिचयाची आहे. पारध्यांनी ससा उठविला, कुत्री मागे लागली, आणि जिवाच्या आकांताने पळत आलेला तो जीव स्वामींच्या जानूखाली शिरला. पारधी येऊन त्याला मागू लागले. शरण आलेल्याला स्वामींनी परत दिले नाही. एवढा भाग आपण शरणागतवत्सलतेचे उदाहरण म्हणून नित्य सांगतो. पण या लीळेत शिकार होणारा जसा आहे तसे शिकार करणारेही आहेत, आणि स्वामींची कृपादृष्टी दोघांवरही आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. स्वामींनी पारध्यांना शाप दिला नाही, भय घातले नाही, कसले आमिषही दाखविले नाही. रानचे तृण खाऊन आणि ओहोळाचे पाणी पिऊन राहणाऱ्या या प्राण्याने तुमचे काय बिघडविले, अशा आशयाचा प्रश्न त्यांनी पारध्यांपुढे ठेवला. त्या प्रश्नाने पारधी निवाले आणि हिंसा सोडण्याचे बोलून परतले. नंतर स्वामींनी सशालाही 'महात्मा' असे संबोधून निरोप दिला.

या लीळेतून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, अपराध करणाऱ्याचे मन बळाने वळविले गेले नाही. दुसरी, ते मोबदल्याने विकत घेतले गेले नाही. तिसरी, ज्याच्यावर अन्याय होत होता त्याचे रक्षण आधी झाले, आणि त्यालाच अपराध्याच्या डोळ्यांपुढे उभे करून अनुताप जागविला गेला. कारागृहातील कोणत्याही धर्मकार्याची परीक्षा या तीन कसोट्यांवर करावी, असे मला वाटते.

प्रथम बळाचा विचार करू. १९७५ साली जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात विपश्यनेचे दहा दिवसांचे शिबिर भरले. राजस्थानचे तत्कालीन गृहसचिव राम सिंह यांनी त्यासाठी पुढाकार घेतला होता व आचार्य सत्यनारायण गोएंका शिकविण्यास आले होते. सुमारे १२० बंदी त्यात बसले. त्यांपैकी काही अट्टल मानल्या गेलेल्या बंद्यांना हातकड्या आणि पायांत बेड्या घालूनच आणण्यात आले. हे पाहून आचार्यांनी साखळदंडात बांधलेल्या मनुष्याला धर्म शिकविण्यास नकार दिला. अधिकाऱ्यांना चिंता वाटली, परंतु अखेर बेड्या काढण्यात आल्या आणि शिबिर निर्विघ्न पार पडले. पुढे दिल्लीच्या तिहार कारागृहात, किरण बेदी तेथे महानिरीक्षक असताना, नोव्हेंबर १९९३ मध्ये असे शिबिर झाले. एप्रिल १९९४ मध्ये तर एकाच वेळी हजाराहून अधिक बंदी साधनेस बसले, आणि त्याच वर्षी तिहारच्या आवारातच कायमचे केंद्र स्थापन झाले. तिहारच्या शिबिरांतील एक विशेष असा की, बंद्यांबरोबर कारागृहाचे कर्मचारीही साधनेस बसले. ज्याच्या हाती किल्ली आहे त्यालाही आपली बेडी तपासावी लागली.

येथे स्पष्ट सांगितले पाहिजे की त्या मार्गाचे तत्त्वज्ञान आपले नव्हे. तेथे साधकाने स्वप्रयत्नाने चित्तशुद्धी साधावयाची असते. आपल्या शास्त्राप्रमाणे परमेश्वराच्या कृपेवाचून जीवाचा बंध तुटत नाही. हा भेद लहान नाही आणि तो लपविण्याचे कारणही नाही. तथापि दुसऱ्याच्या अंगणातील दिवा आपल्या घरच्या तेलाचा नाही म्हणून त्याचा प्रकाश नाकारू नये. बांधलेल्याला उपदेश करू नये, हे जयपूरचे तत्त्व आपल्या शास्त्राशी पूर्णपणे जुळते; कारण अनुसरण हे जीवाच्या आवडीने घडते, ते कोणी कोणाला धरून करवू शकत नाही.

आता दुसरी कसोटी, आमिषाची. अमेरिकेत चार्ल्स कोल्सन नावाचे गृहस्थ होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या निकटच्या मंडळींपैकी ते एक. न्यायदानात अडथळा आणल्याच्या अपराधाची कबुली देऊन १९७४ साली ते तुरुंगात गेले, आणि बाहेर आल्यावर १९७६ साली त्यांनी बंदिवानांत ख्रिस्ती धर्मकार्य करणारी एक संस्था स्थापन केली. या संस्थेने १९९७ साली टेक्सास राज्यातील आणि १९९९ साली आयोवा राज्यातील एकेका कारागृहात बंद्यांसाठी स्वतंत्र विभाग चालविण्यास घेतला. बायबलचे अध्ययन, प्रार्थना, श्रम, आणि सुटकेनंतर पाठीशी उभा राहणारा एक मार्गदर्शक, अशी ती योजना होती. संस्थापकाने स्वतः कारावास भोगलेला असल्यामुळे त्याच्या कळवळ्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु आयोवातील या विभागावर न्यायालयात दावा झाला, तेव्हा पुढे आलेली हकीकत मननीय आहे. विभागास शासनाचा पैसा मिळत होता. तेथील बंद्यांना खोलीची किल्ली स्वतःजवळ बाळगता येत होती, स्नानगृहात आडोसा होता, आणि इतरांना न मिळणाऱ्या अन्य सवलतीही होत्या. त्या उपभोगावयाच्या तर एकाच धर्ममताची शिकवण स्वीकारावी लागे. अन्य मताच्या बंद्यासाठी तशी सोय नव्हती. २००६ साली न्यायाधीश रॉबर्ट प्रॅट यांनी ही व्यवस्था राज्यघटनेच्या विरुद्ध ठरविली, २००७ च्या डिसेंबरात वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय मुख्यतः कायम केला, आणि पुढील वर्षी आयोवातील तो विभाग बंद झाला.

न्यायालयाने शासनाच्या मर्यादेचा विचार केला. आपण धर्माच्या मर्यादेचा विचार करू. ज्याला दाराची किल्ली हवी आहे त्याने प्रार्थनेस बसावे, अशी व्यवस्था झाली की प्रार्थनेस बसलेल्यांत किल्लीसाठी आलेला कोण आणि ईश्वरासाठी आलेला कोण, हे कोणालाच सांगता येत नाही. किंबहुना स्वतः बसणाऱ्यालाही ते सांगता येत नाही, आणि हा अपाय सर्वांत मोठा. ढोंग करणारा मनुष्य निदान आपण ढोंग करीत आहोत हे जाणतो. पण लाभ आणि भक्ती यांची गाठ बसलेल्या मनाला आपलाच अनुताप खरा की खोटा हे कळेनासे होते. म्हणून शिक्षेत सूट, बरे अन्न, बरी खोली यांपैकी काहीही धर्माच्या ताटात वाढू नये. द्यावयाचे असेल ते सर्वांना माणुसकी म्हणून द्यावे.

याच योजनेच्या टेक्सासमधील फलाचे परीक्षण २००३ साली प्रसिद्ध झाले. योजनेत १७७ बंदी दाखल झाले होते. त्यांपैकी ७५ जणांनी ती पूर्ण केली. पूर्ण करणाऱ्यांपैकी सुटकेनंतर दोन वर्षांत शेकडा ८ जण पुन्हा तुरुंगात गेले, तर योजनेबाहेरच्या तशाच बंद्यांत हे प्रमाण शेकडा २० होते. हे आकडे ऐकून सर्वत्र आनंद व्यक्त झाला. परंतु दाखल झालेल्या सर्व १७७ जणांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांतील शेकडा २४ पुन्हा तुरुंगात गेल्याचे दिसले. म्हणजे योजनेत न गेलेल्यांहून थोडे अधिकच. 'पूर्ण केली' असे कोणास म्हणावयाचे, याच्या अटींत सुटकेनंतर नोकरी टिकविणे आणि चर्चच्या संगतीत राहणे यांचा समावेश होता. जो आधीच सावरला त्यालाच यशस्वी म्हणावयाचे आणि जो घसरला त्याला यादीतून वगळावयाचे, असा हा हिशेब.

हे सांगण्यात परधर्मीयांचे उणे काढण्याचा हेतू नाही. आपणही हाच हिशेब करतो. उपदेश घेऊन टिकलेल्यांची नावे आपण उत्सवात सांगतो. मध्येच सुटून गेलेल्यांची आठवण काढीत नाही. वस्तुतः धर्मकार्याची लाज आणि जबाबदारी त्या सुटून गेलेल्यांपाशी आहे. शिवाय या आकड्यांतून आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. टिकलेल्यांना भिंतीच्या आत ऐकलेला उपदेश तर लाभला होताच, पण भिंतीच्या बाहेर काम आणि संगतही लाभली होती. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येऊ.

येथे कोणी शंका घेईल की, 'बंदिवान म्हणजे पापी. तेव्हा त्याला प्रथम पापाची जाणीव करून देणे हेच धर्मोपदेशकाचे काम नव्हे काय?' याचे समाधान असे. २०२२ सालच्या अखेरीस भारतातील कारागृहांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार, म्हणजे दर चारांतील तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा अपराध अद्याप न्यायालयात सिद्ध झालेला नव्हता. कित्येक जण तर जामिनाची रक्कम भरता येत नाही एवढ्याचसाठी आत राहतात. अशा मनुष्याला पश्चात्तापाचा उपदेश करणे म्हणजे न्यायाधीशाच्या आधी आपणच निकाल देणे होय. उपदेशकाजवळ तसा अधिकार नाही. त्याने श्रवण करावे, नाम सांगावे, आणि ज्याचे त्याचे अंतःकरण ज्याला त्याला पाहू द्यावे.

आता तिसरी कसोटी, पीडिताच्या स्मरणाची. खंती हा आपल्या पंथाच्या आचारातील मोलाचा शब्द आहे. केलेल्या दोषाबद्दल अंतःकरण झुरणे, ती खंती. पण खंती केवळ 'माझे काय होईल' या भयाची असेल तर ती अपुरी आहे. 'माझ्यामुळे त्याचे काय झाले' हा प्रश्न जिच्यात उमटतो ती खंती अनुतापाच्या पदवीस पोहोचते. पारध्यांना स्वामींनी हाच प्रश्न विचारला होता. कारागृहातील ध्यानवर्गातून मनुष्य शांत झाला, त्याला झोप लागू लागली, त्याचा क्रोध निवाला, हे सर्व इष्ट आहे. परंतु ज्याच्या घरातला कर्ता पुरुष याच्या हातून मेला, त्या घरात अजून झोप नसेल तर या शांतीचे समाधान मानून थांबता येत नाही. शिक्षा भोगून शासनाचे देणे फिटते. त्या घराचे देणे उरते. श्रमाच्या मजुरीतून त्या घराला काही देणे, क्षमा मागणे, आणि क्षमा न मिळाल्यास तेही निमूटपणे सोसणे, ही अनुतापाची दृश्य अंगे होत. पीडिताने क्षमा केलीच पाहिजे, असा आग्रह मात्र धर्माच्या नावाने कोणी धरू नये. तो त्याच्यावर दुसरा अन्याय होईल.

सज्जनहो, आता मुख्य मुद्द्यावर येतो. लीळेतील पारधी वचन देऊन परतले. कोठे परतले? आपल्याच वस्तीत, आपल्याच सोबत्यांत, आपल्याच भुकेत. कारागृहातून सुटणाऱ्याची अवस्था हीच असते. आत असताना त्याला उठण्याची वेळ दुसऱ्याने ठरविलेली असते, अन्न समोर येते, दारू दृष्टीस पडत नाही. तेथे नियम पाळणे कठीण असले तरी त्यास आधार असतो. ज्या दिवशी दार उघडते त्या दिवसापासून त्याचा नियम निराधार होतो.

सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची एक वसाहत आहे. औंध संस्थानचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या आश्रयाने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेने १९३९ साली ती वसली. तेथे भिंत नव्हती. जन्मठेपेच्या बंद्यांना जमीन कसावयास दिली, कुटुंबासह राहू दिले. ग. दि. माडगूळकरांनी लिहिलेला आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली काढलेला 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट याच प्रयोगावरून सुचला. स्वतंत्रपुरात प्रवचनांचा वर्ग हा मुख्य उपाय नव्हता. मुख्य उपाय होता विश्वास. पळून जाण्यास वाट मोकळी असताना न पळणे, हेच तेथील नित्याचे व्रत होते. आज स्वामींच्या चरणस्पर्शाने पावन झालेल्या पैठण क्षेत्रीही खुले कारागृह आहे, आणि तेथील बंदी उघड्या आकाशाखाली शेती करतात. आपण स्थानवंदनासाठी पैठणास जातो. त्या शेतांत राबणाऱ्यांचा विचार किती वेळा आपल्या मनात येतो, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.

समजा, उद्या असा एक मनुष्य बारा वर्षे भोगून सुटला. आत असताना कोणाकडून तरी त्याने नाम ऐकले, सप्तव्यसनांचा त्याग केला, मद्य, द्यूत, चोरी सर्व सोडले. उत्सवाच्या दिवशी तो आपल्या आश्रमाच्या दाराशी येऊन उभा राहिला. प्रवचन ऐकावयास आपण त्याला बसू देऊ; तेवढे सोपे आहे. पण पंगतीत त्याच्या शेजारचा पाट रिकामा राहील की नाही? प्रवचन संपल्यावर त्याने काम मागितले तर आपल्यातील दुकानदार त्याला गल्ल्याजवळ उभा करील काय? शेतकरी त्याला रात्रीच्या पाण्याच्या पाळीवर धाडील काय? त्याची मुलगी उपवर असेल तर तिच्या सोयरिकीत 'बाप तुरुंगात होता' हे वाक्य कोण उच्चारील, आणि ते ऐकून गप्प कोण बसेल?

विश्वास म्हणजे डोळेझाक करणे नव्हे, हेही जाता जाता सांगितले पाहिजे. त्याला काम द्यावे आणि हिशेबही मागावा. हिशेब सर्वांनाच मागावा. ज्या गावात पीडिताचे घर आहे तेथे त्याला ठेवावयाचे तर त्या घराचे मन आधी पाहावे, कारण ससा अद्याप भ्यालेला आहे. एखादा पुन्हा घसरेल. तेव्हा 'आम्ही आधीच म्हणत होतो' असे न म्हणता पुन्हा आरंभ करावा. परंतु या सर्व सावधगिरीचा उपयोग त्याला दूर ठेवण्यासाठी करू नये.

स्वामींनी स्त्रियांना आणि समाजाने खालचे मानलेल्यांना मोक्षमार्गाचा अधिकार दिला, हे आपल्या पंथाचे भूषण म्हणून आपण सांगतो. जातीचा उंबरठा आपल्या पूर्वाचार्यांनी ओलांडला, त्यासाठी निंदा आणि छळ सोसला. आज आपल्यापुढे दुसरा उंबरठा आहे आणि तो ओलांडताना कोणी आपला छळ करणार नाही. फक्त शेजारी कुजबुजतील. तेवढेही आपल्याने सोसवत नसेल, तर कारागृहात जाऊन उपदेश करण्याची घाई आपण करू नये. ज्या धर्माचे दार बाहेर बंद आहे त्याचा उपदेश आत करणे, ही बंदिवानाची दुसरी फसवणूक होईल. उलट हे दार आपण उघडे ठेवू शकलो, तर आत जाऊन नाम सांगणाऱ्याच्या शब्दाला आपोआप वजन येईल. कारण ते सांगताना 'सुटल्यावर आमच्याकडे ये' असेही त्याला खरेपणाने म्हणता येईल.

जीवमात्राचा बंध तोडणारे प्रभू त्या बंदिवानांना अनुताप देवोत, ज्यांच्यावर आघात झाला त्यांना धीर देवोत, आणि आपणा सर्वांस शेजारचा पाट रिकामा न ठेवण्याची सद्बुद्धी देवोत, एवढी प्रार्थना करून हे विवेचन पूर्ण करतो.